मोटारीच्या ब्रेकची पोलादी नळी



नाशिकाहून मुंबईस जाणाऱ्या कित्येक मोटारींस इगतपुरी मागें टाकल्यावर कसाऱ्याचा घाट उतरावा लागतो. जुन्या ग्रंथांत यालाच थळ घाट म्हटलें आहे. १८६५ सालीं या घाटांतून आगगाडीचा मार्ग खुला झाला. त्याचा चढ ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र असून इगतपुरी व कसारा यांच्या उंचींत सुमारें ३०० मीटरांचा फरक आहे. चढतांना गाडीस मागून जादा एंजिनें लावतात, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. परंतु घाटाची खरी कसोटी चढण्यांत नाहीं. ती उतरण्यांत आहे.

एक टन वजनाची मोटार ३०० मीटर खालीं येते, तेव्हां सुमारें २९ लक्ष जूल इतकी ऊर्जा कोठें तरी जिरावी लागते. एवढ्या उष्णतेनें नऊ लिटर पाणी उकळीस येईल. तिचा कांहीं भाग एंजिन व समोरचा वारा घेतात. बाकीचा भार ब्रेकांवर पडतो. आणि चालकाच्या पायाची आज्ञा ब्रेकांपर्यंत नेणारी वस्तु कोणती, तर शिसपेन्सिलीहूनही बारीक अशी एक पोलादाची नळी. ती मोटारीच्या पोटाखालून, चिखलांतून व धुळींतून जाते. तिच्याकडे कोणाचें लक्ष नसतें.

गेल्या पावसाळ्यानंतर एका पालकांनीं मला विचारलें, "मास्तर, आमच्या मोटारीच्या ब्रेकची नळी गंजून एके ठिकाणीं पाझरते आहे. छिद्र टांचणीच्या टोंकाएवढें आहे. घरच्या घरीं डाख दिला तर चालणार नाहीं काय? एवढ्यासाठीं सगळी नळी कशाला बदलावी?" प्रश्न साधा आहे, परंतु त्याचें उत्तर देण्यास पदार्थविज्ञान, धातुविद्या व थोडा विवेक, या तिन्हींची गरज लागते. म्हणून तें येथें विस्तारानें देण्याचें योजिलें आहे.

१. दाब कसा पोंचतो

फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) यानें असें दाखविलें कीं, बंदिस्त द्रवावर एके ठिकाणीं दाब दिला असतां तो कमी न होतां द्रवाच्या सर्व भागांत व सर्व दिशांस सारखा पोंचतो. त्याचा या विषयावरील ग्रंथ त्याच्या मरणानंतर १६६३ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें १७९५ सालीं इंग्लंडांत जोसेफ ब्रॅमा यानें याच नियमावर चालणाऱ्या दाबयंत्राचें पेटंट घेतलें. मोटारीचे ब्रेक मात्र पुष्कळ वर्षें तारांनीं व दांड्यांनींच ओढले जात. अमेरिकेंत माल्कम लॉकहीड यानें १९१७ च्या सुमारास द्रवाच्या दाबाचे ब्रेक सिद्ध केले. १९२१ सालच्या ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना ते बसविण्यांत आले. फोर्ड कंपनीनें आपल्या मोटारींस ते १९३९ सालीं लाविले.

हा नियम तुम्हांला घरीं पडताळून पाहतां येईल. औषध टोंचण्याच्या दोन नव्या पिचकाऱ्या घ्या, एक लहान व एक मोठी. सुया न लावतां त्यांचीं तोंडें बारीक रबरी नळीनें जोडा आणि आंत पाणी भरा. लहान पिचकारीचा दट्ट्या दाबला कीं मोठीचा दट्ट्या थोडाच सरकतो, पण फार जोरानें सरकतो. आतां मुद्दाम थोडी हवा आंत राहूं द्या. लहान दट्ट्या दबतो, परंतु मोठा जागचा हलेनासा होतो. कारण तुमचा जोर हवा आकसण्यांतच खर्चीं पडतो. ब्रेकचें सारें शास्त्र या दोन प्रयोगांत आलें.

आतां थोडा हिशेब करूं. चालकानें पेडलावर २० किलोंचा भार दिला व पेडलाच्या तरफेनें तो पांचपट झाला, तर मुख्य सिलिंडरच्या दट्ट्यावर १०० किलो भार येतो. त्या दट्ट्याचें क्षेत्रफळ ४ चौरस सेंटिमीटर धरलें, तर द्रवांत दर चौरस सेंटिमीटरला २५ किलो दाब उत्पन्न होतो. चाकाजवळील दट्ट्याचें क्षेत्रफळ २० चौरस सेंटिमीटर असेल, तर तेथें ५०० किलोंचा जोर मिळतो. टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारें २ किलो असतो. म्हणजे नळींतील दाब त्याच्या बारापट झाला. हल्लींच्या मोटारींत पायाच्या जोरास बूस्टरची जोड असते. तेव्हां अचानक ब्रेक दाबतांना हा दाब आणखी कित्येक पटींनीं वाढतो. हा दाब नळीनें प्रत्येक वेळीं सोसावयाचा असतो.

२. नळीची घडण

बहुतेक मोटारींत ही नळी बाहेरून ४.७५ मिलिमीटर जाड असते, म्हणजे एका इंचाचे तीन-षोडशांश. तिची भिंत सुमारें ०.७ मिलिमीटर असते. पोलादाच्या पातळ पट्टीवर तांब्याचा थर देऊन ती दोन वेढ्यांनीं गुंडाळतात व भट्टींत तापवितात. तांबें वितळून दोन्ही वेढे एकजीव होतात. अमेरिकेंतील बंडी कंपनीनें ही रीत रूढ केली, म्हणून या नळीस पुष्कळ ठिकाणीं बंडी नळी म्हणतात. बाहेरून तिला जस्ताचा किंवा प्लॅस्टिकचा लेप असतो.

नळीचें टोंक नुसतें कापून बसवीत नाहींत. तें कर्ण्यासारखें फुलवून, पुन्हां आंत दुमडून, दुहेरी कांठाचें करतात. जुन्या नाशकांत तांबटांनीं भांड्याचा कांठ दुमडलेला ज्यांनीं पाहिला असेल, त्यांना ही युक्ति तत्काळ कळेल. एकेरी कांठ पातळ व दुबळा असतो. दुमडलेला कांठ चिरत नाहीं व सांध्यांत घट्ट बसतो. नट आवळला म्हणजे हा कांठ समोरच्या उतरत्या बैठकीवर दाबला जातो आणि धातूवर धातु बसून सांधा पक्का होतो. तेथें ना चिकटा लागतो, ना दोरा.

तांब्याची साधी नळी वळविण्यास सोपी असते, म्हणून कित्येकांना तिचा मोह पडतो. परंतु तांबटास विचारा; ठोकून ठोकून तांबें कठीण होतें आणि तें पुन्हां तापवून मऊ न केल्यास तडकतें. मोटारीच्या अखंड थरथरण्यानेंही साधें तांबें तसेंच कठीण होतें. तांब्यांत सुमारें दहावा हिस्सा निकल मिसळलेली मिश्रधातूची नळी मात्र गंजत नाहीं, सहज वळते व दाबही सोसते. पोलादी नळीच्या जागीं ती योग्य समजली जाते.

३. ती नासते कशी

थंड देशांत हिवाळ्यांत रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळें तेथें या नळ्या लवकर खराब होतात. आपल्याकडे मीठ नाहीं, पण पावसाळा आहे. इगतपुरीच्या बाजूस वर्षाकांठीं ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. नळी ज्या पकडींनीं तळाशीं धरलेली असते, त्या पकडींखालीं ओला चिखल महिनेच्या महिने दबून राहतो. लेप खरवडला गेला कीं त्याच जागीं गंज बसतो. म्हणून उघड्या भागापेक्षां पकडीखालीं, मागच्या आंसावर व चाकांच्या कमानींत आधीं पाहावें. २०१६ च्या ऑगस्टांत गोदावरीस आलेल्या पुरासारख्या प्रसंगीं जी मोटार पाण्यांत उभी राहिली असेल, तिच्या नळ्या तर अवश्य तपासाव्या.

गंज आंतूनही लागतो. ब्रेकमधील द्रवास बाजारांत ब्रेक ऑइल म्हणतात. परंतु बहुतेक मोटारींतील हा द्रव खनिज तेल नव्हे. तो हवेंतील ओलावा शोषून घेतो. नव्या डॉट ३ द्रवाचा उत्कलनबिंदु निदान २०५ अंश सेल्सिअस असतो, तो ओलावा शोषल्यावर १४० पर्यंत उतरूं शकतो. डॉट ४ चा २३० वरून १५५ पर्यंत. घाटांत ब्रेक तापले म्हणजे असा ओला द्रव उकळतो, त्याची वाफ होते व पिचकारींतील हवेप्रमाणें ती नुसती दबत राहते. म्हणून द्रव साधारणतः दर दोन वर्षांनीं बदलावा.

बिघाडाचीं चिन्हें अशीं: टाकींतील द्रवाची पातळी उतरणें; पेडल मऊ लागणें किंवा दाबून धरलें असतां हळूहळू खालीं जाणें; दर्शक फलकावरील तांबडा दिवा लागणें; नळीवर अगर चाकाच्या आंतल्या बाजूस ओला डाग दिसणें. यांपैकीं एकही चिन्ह दिसल्यास मोटार चालवूं नये. टाकींत द्रव भरून पुढें जाणें म्हणजे दुखणें झांकणें होय.

४. डाख कां चालत नाहीं

आतां त्या पालकांच्या प्रश्नाकडे वळूं. कथलाचा डाख पोलादाच्या मानानें फार मऊ असतो. सततच्या दाबानें व थरथरीनें तो सैल पडतो. गंजलेल्या व द्रवानें भिजलेल्या पृष्ठावर तो धरतही नाहीं. तापवितांना नळीचा लेप जळतो आणि आंतील द्रव पेट घेण्याचें भय असतें. परंतु मुख्य कारण याहून निराळें आहे. छिद्र हा रोग नव्हे, तें रोगाचें लक्षण आहे. जेथें एक छिद्र पडलें तेथें त्याच्या दोहों बाजूंची भिंतही खाल्ली गेलेली असते. भोंक बुजलें तरी भिंत पातळच राहते, आणि ती फुटावयाची वेळ येते ती नेमकी पाय जोरानें दाबण्याच्या क्षणीं. कारण सर्वांत मोठा दाब त्याच क्षणीं असतो.

त्या गृहस्थांनीं अखेर नवी नळी घातली व जुनी शाळेस दिली. आम्हीं वर्गांत ती कानशीनें हलकेच घांसून पाहिली. छिद्र खरोखरच टांचणीच्या टोंकाएवढें होतें. परंतु त्याच्या आजूबाजूस बोटभर लांबीपर्यंत भिंत कागदासारखी झाली होती. मुलांस व्याख्यानानें जें पटलें नसतें तें त्या तुकड्यानें पटविलें.

डाखाप्रमाणेंच आणखी कांहीं तोडगे लोक करतात. तेही त्याज्य आहेत. पाझरत्या जागीं रबरी नळी चढवून तार आवळणें, पाण्याच्या नळास लावतात तसला दाबसांधा बसविणें, पुट्टी थापणें, आणि सर्वांत वाईट म्हणजे नळी पक्कडीनें चेपून त्या चाकाचा ब्रेकच बंद करणें. पुढच्या एका चाकाचा ब्रेक गेला तर ब्रेक दाबतांच मोटार एका बाजूस ओढली जाते. कोणी म्हणेल कीं, हल्लीं द्रवाचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. अमेरिकेंत तर १९६८ पासून ते कायद्यानें आवश्यक झाले. हें खरें, परंतु एक मार्ग गेल्यावर मोटार थांबण्यास फार अधिक अंतर लागतें. दुसरा मार्ग संकटांतून निभावून नेण्यासाठीं आहे, आळस पोसण्यासाठीं नाहीं.

तात्पर्य, ब्रेकची नळी सांधावयाची नसते. ती एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंत सबंध बदलावयाची असते.

५. नवी नळी घालण्याची रीत

प्रथम मोटार सपाट व कठीण जमिनीवर उभी करून चाकांस उटी लावाव्या. जॅकनें उचलल्यावर ती भक्कम लोखंडी घोड्यांवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरंवशावर मोटारीखालीं डोकें घालूं नये.

सांधा ब्रशानें स्वच्छ करून त्यावर गंज सैल करणारें तेल सोडावें व तें मुरूं द्यावें. साध्या उघड्या पान्यानें नटाचे कोन झिजतात. नळीवर सरकणारी फट असलेला, नटाच्या बहुतेक सर्व बाजू धरणारा फ्लेअर नट पाना वापरावा. नळी सुटतांच उघड्या तोंडांस टोपणें घालावीं, म्हणजे धूळ आंत जात नाहीं व टाकी रिकामी होत नाहीं.

कंपनीची तयार नळी मिळत असेल तर तीच घ्यावी. न मिळाल्यास जुन्या नळीच्या बाजूनें सुतळी लावून वळणांसह लांबी मोजावी व त्याच जाडीची, ब्रेकसाठीं म्हणूनच विकली जाणारी नळी आणावी. जुने नट बरोबर नेऊन आटे पडताळावे. मेट्रिक १० मिलिमीटरचा नट व इंची मापाचा तीन-अष्टमांशाचा नट दिसण्यांत जुळे भाऊ आहेत. एक दुसऱ्याच्या जागीं थोडा धरतोही, पण दाबाखालीं दगा देतो. कांठाचे आकारही दोन प्रकारचे असतात: एक दुहेरी दुमडलेला कर्णा व दुसरा बुडबुड्यासारखा फुगीर. जो होता तोच करावा. एकाच्या बैठकीवर दुसरा बसत नाहीं.

नळी करवतीनें न कापतां फिरत्या कटरनें कापावी. टोंक कानशीनें सरळ करून आंतील कड काढावी व कीस फुंकून टाकावा. दोन्ही नट कांठ करण्यापूर्वींच नळीवर ओंवावे, आणि त्यांचीं तोंडें योग्य दिशेस आहेत ना हें पाहावें. कांठ झाल्यावर नट चढत नाहीं. मग नळी पकडींत धरून, ठशाच्या खांद्याएवढी वर ठेवून, पहिल्या दाबानें टोंक आंत वळवावें व दुसऱ्या दाबानें तें दुमडून बसवावें. कांठ गोल, मध्यावर व चिरेवांचून असला तरच स्वीकारावा. थोडाही वांकडा असेल तर कापून पुन्हां करावा. यासाठीं आधीं टाकाऊ तुकड्यावर हात बसवून घ्यावा.

वळणें वळणयंत्रावर द्यावीं. पंधरा मिलिमीटरहून लहान त्रिज्येचें वळण देऊं नये, कारण नळी चपटते. आंत कोरडी हवा सोडून ती स्वच्छ करावी. बसवितांना नट प्रथम बोटांनींच तीन-चार आटे फिरवावा. बोटांनीं न फिरणारा नट पान्यानें फिरविणें म्हणजे आटे मोडणें होय. शेवटचें आवळणें मोटारीच्या पुस्तकांत दिलेल्या मापानें करावें. नळी सर्व पकडींत बसावी. धुराच्या नळकांड्यास, चाकास किंवा हलत्या भागास ती लागतां कामा नये.

६. हवा काढणें

सांधा उघडला कीं हवा आंत शिरलीच असें समजावें. ती काढण्यास दोन माणसें लागतात: एक पेडलाशीं व एक चाकाशीं. चाकावरील निपलास पारदर्शक नळी लावून तिचें टोंक द्रव असलेल्या बाटलींत बुडवावें. पेडलाजवळच्यानें "दाबलें" म्हणावें व पाय तसाच धरावा. दुसऱ्यानें निपल उघडून बुडबुडे जाऊं द्यावे, निपल बंद करावें आणि मगच "सोड" म्हणावें. निपल उघडें असतां पाय उचलला तर हवा पुन्हां आंत ओढली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हें चालवावें आणि टाकी मध्यें रिकामी होऊं देऊं नये. चाकांचा क्रम मोटारीच्या पुस्तकांत दिलेला असतो; बहुधा सर्वांत लांबच्या चाकापासून आरंभ करतात.

द्रव झांकणावर लिहिलेल्या जातीचाच, नव्या बंद डब्यांतला असावा. त्यांत एंजिनचें तेल पडलें तर रबराच्या वाट्या फुगून सारे ब्रेक नासतात. काढलेला द्रव पुन्हां वापरूं नये. हा द्रव विषारी आहे व मोटारीचा रंग खातो. सांडल्यास तत्काळ भरपूर पाण्यानें धुवावा व लहान मुलांपासून दूर ठेवावा.

७. परीक्षा व मर्यादा

काम झाल्यावर एंजिन चालू ठेवून पेडल जोरानें एक मिनिटभर दाबून धरावें. दुसऱ्यानें प्रत्येक सांध्याभोवतीं कोरडा कागद फिरवावा. कागदास ओल लागली तर काम अपुरें आहे. पेडल टणक असावें व तें खालीं जाऊं नये. मग मोकळ्या सपाट जागेवर अगदीं मंद गतीनें ब्रेक पाहावे, दुसऱ्या दिवशीं सांधे पुन्हां तपासावे, आणि एखाद्या जाणत्या मिस्त्रीस दाखवून मगच घाटाचा रस्ता धरावा. घाट उतरतांनाही सर्व भार ब्रेकांवर टाकूं नये. ज्या गियरांत चढावयाचें त्याच गियरांत उतरावें, असा जुन्या चालकांचा दंडक आहे.

हें सर्व घरीं करावें काय? पाहणी प्रत्येकानें घरीं करावी. वर्षांतून दोनदां, पावसाळ्यापूर्वीं व नंतर. बदलण्याचें काम मात्र ज्यास योग्य हत्यारें, मोकळा वेळ व जाणत्याची देखरेख आहे त्यानेंच करावें. एप्रिल २०१९ पासून आपल्या देशांत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींस चाक घसरूं न देणारी ए.बी.एस. योजना आवश्यक झाली आहे. तींतील हवा काढण्यास कित्येकदां विशेष यंत्र लागतें, तेव्हां तें काम गॅरेजकडेच न्यावें. तुम्हां विद्यार्थ्यांस तर माझें स्पष्ट सांगणें आहे: मोटारीखालीं एकट्यानें कधींही जाऊं नका. वडील माणसांस हात द्या, हत्यारें पुसा, पेडल दाबा आणि पाहून शिका.

तुमच्यांपैकीं कित्येक पुढें सातपूर व अंबडच्या कारखान्यांत जातील, कांहीं गॅरेज काढतील, कांहीं दुसऱ्याच धंद्यांत पडतील. प्रत्येक धंद्यांत असें एखादें काम असतें कीं, तें पूर्ण झाल्यावर कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. दुहेरी कांठ नटाखालीं झांकला जातो. तो नीट केला कीं एकेरीच ठेवला, हें केवळ करणाऱ्यासच ठाऊक असतें. परंतु त्या मोटारींत बसलेलें कुटुंब, आणि घाटाच्या वळणावर समोरून येणारा अनोळखी वाटसरू, हे दोघेही त्या झांकलेल्या कांठावर विसंबून असतात. त्यांची व आपली ओळख नसते, म्हणून आपलें त्यांच्याविषयींचें कर्तव्य कमी होत नाहीं. कोणी पाहणार नाहीं तेथेंही काम पुरतें करावें, आणि आपणांस तें पुरतें करतां येत नसेल तर तसें प्रामाणिकपणें सांगून जाणत्याच्या हातीं द्यावें.